भूत हवेलीतच का राहते?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडीच्या हंगामात आम्ही बारडोलीच्या बाजूला एका पडावावर गेलो होतो. आपल्या अक्कलकुवा, तळोदा, धडगाव या तालुक्यांतील शेकडो कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर कोयता खांद्यावर टाकून त्या मुलखात उतरतात. आमचे काम हिशेबाचे होते. मुकादमाने उचल किती दिली, तोड किती झाली, खाती किती लिहिली गेली, हे एकेकाला बसवून ताडून पाहायचे. रात्र झाली. पालांपाशी पाच-सहा पोरे एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसली होती. भुताचा सिनेमा चालला होता. तो संपला तेव्हा त्यांतल्या एकाला पाण्याला जायचे होते. परंतु उसाच्या कडेने एकटे जाण्याची त्याची छाती होईना. आम्ही त्याच्याबरोबर गेलो. वाटेत त्याने आम्हांला विचारले, "दादा, एक सांगा. भूत नेहमी हवेलीतच का राहतं? आमच्या पालात का नाही येत?"

प्रश्न पोराचा होता. पण उत्तर आम्हांला त्या रात्री देता आले नाही. या वसंतातल्या व्याख्यानमालेच्या चालकांनी "तुमच्या आवडीचा कोणताही विषय घ्या" असे कळविले, तेव्हा हाच प्रश्न आधी आठवला. आम्ही काही सिनेमाचे पंडित नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, एस.टी.च्या बाकावर आणि संपाच्या मांडवात झाले. त्यामुळे आमचे बोलणे शास्त्रीय वाटले नाही तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे. मात्र एक गोष्ट आम्ही आयुष्यभर करीत आलो आहो. ती म्हणजे थकलेला हिशेब कोणाच्या नावावर आहे हे शोधणे. भुताच्या सिनेमात हीच विद्या उपयोगी पडते, असे आमचे मत झाले आहे.

संकेत म्हणजे काय

प्रत्येक कथाप्रकाराचे काही ठरलेले संकेत असतात. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, हा क्रम आपण सर्व जाणतो. गवळणीत मावशी आली की पुढे काय होणार हे ठाऊक असूनही आपण उठून जात नाही. उलट ती आली नाही तर पैसे फुकट गेले असे वाटते. म्हणजे संकेत हा कथेतला दोष नव्हे. तो सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधला करार होय. खुनी भुताच्या सिनेमाचाही असाच करार आहे. जुने घर, वादळी रात्र, परका पाहुणा, कंदील धरलेला म्हातारा नोकर, दुरून येणारे गाणे, एकामागून एक मृत्यू आणि शेवटी उलगडा. या करारातले एकेक कलम कशासाठी घातले आहे, ते आता पाहू.

घर आणि त्याचे मूळ पाप

या कथाप्रकाराचा पहिला ग्रंथ म्हणून होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाच्या 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' या कादंबरीचे नाव घेतात. ती १७६४ च्या अखेरीस बाहेर पडली. पहिल्याच प्रसंगात आकाशातून पडावे तसे एक प्रचंड शिरस्त्राण येऊन कोसळते आणि किल्ल्याच्या धन्याचा मुलगा लग्नाच्याच दिवशी त्याखाली चिरडून मरतो. हे कोणी केले? कादंबरीच्या शेवटी कळते की, धन्याच्या आजोबाने मूळ मालकाला विष घालून तो किल्ला बळकावला होता. ज्याचे लुबाडले त्याचा आत्मा किल्ल्यात वाढत वाढत इतका मोठा झाला की भिंती त्याला अपुऱ्या पडल्या.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका सधन इंग्रज सरदारपुत्राने हा प्रकार सुरू केला आणि त्याचा पाया काय घातला? बळकावलेली मालमत्ता. भूत हे त्या घरात बाहेरून आलेले नाही. घर ज्या रीतीने हाती आले, त्या रीतीतून ते उपजले आहे. पुढे किल्ल्याची हवेली झाली, इंग्लंडचा हिंदुस्थान झाला, पुस्तकाचा पडदा झाला. पाया मात्र तोच राहिला.

आमच्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. पालात भूत येत नाही, कारण पालाने कोणाचे काही बळकावलेले नसते.

परका पाहुणा आणि म्हातारा नोकर

आपल्याकडे या प्रकाराची बैठक १९४९ साली 'महल' या चित्रपटाने घातली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तो तयार झाला. कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. नवीन मालक हरिशंकर पावसाळी रात्री यमुनेकाठच्या एका ओसाड वाड्यात पाऊल टाकतो. म्हातारा माळी त्याला घराची कहाणी सांगतो. ज्याने हे घर बांधले तो नदीत बुडाला आणि त्याची वाट पाहणारी कामिनीही त्याच्या मागून गेली. थोड्याच वेळात मालकाची नजर भिंतीवरच्या तसबिरीवर जाते. तसबिरीतला चेहरा त्याचा स्वतःचाच!

पाहुणा नेहमी परका का असतो? याचे एक कारण सोपे आहे. त्याला काही माहीत नसते, म्हणून त्याला जे सांगितले जाते ते आपल्यालाही कळते. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा पाहुणा बहुधा वारस तरी असतो, नाहीतर खरीदार. तो मालमत्ता ताब्यात घ्यायला आलेला असतो. तिचा इतिहास ताब्यात घ्यायला त्याची तयारी नसते. सातबाऱ्यावर नाव चढले की सारे आपले झाले, अशी त्याची समजूत असते. भूत त्याला एवढेच सांगते की, नावाबरोबर येणेही चढते आणि देणेही चढते.

आणि ही कहाणी माळीच का सांगतो? कारण मालक बदलतात, माळी राहतो. आमच्या अनुभवात हे शंभर वेळा आले आहे. एखाद्या कारखान्याचा वा सोसायटीचा जुना व्यवहार उकरायचा असला तर नवे संचालक काही सांगू शकत नाहीत. दप्तर वाळवीने खाल्लेले असते. पण तीस वर्षे फाटकावर बसलेला रखवालदार कोणत्या रात्री कोणता ट्रक बाहेर गेला ते दिवसवारीसकट सांगतो. सिनेमातला कंदीलवाला नोकर हा घराचे चालतेबोलते दप्तर असतो. प्रेक्षक त्याला हसतात. पण त्याने सांगितलेले कोणी विसरत नाही.

'महल'ने या संकेताला आणखी एक पीळ दिला आहे. कामिनी म्हणून रात्री दिसणारी बाई भूत नसून माळ्याची मुलगी आशा असते. मधुबालाने ती भूमिका केली. त्या बंद घराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या या मुलीला, त्या घरात आपणही कधी धनीण म्हणून वावरावे असे वाटू लागते. माळ्याच्या पोरीला तो दरवाजा नव्हता. म्हणून ती भुताच्या दरवाजाने शिरते. पुढे तर ही कामिनी मालकाला सांगते की, मी हवी असेन तर माळ्याच्या मुलीचा जीव घे, म्हणजे तिच्या देहात मी येईन. गरिबाच्या पोरीला स्वतःची किंमत किती वाटते याचे इतके विदारक चित्र आम्ही दुसरीकडे फारसे पाहिले नाही. शेवटी मालकाची पत्नी विष घेते, आळ त्याच्यावर येतो, आणि कोर्टात ही मुलगी सारे कबूल करते.

आवाज आधी, आकृती नंतर

आता भय कसे उत्पन्न करतात ते पाहू. याचे मुख्य सूत्र असे की, जे दाखवायचे ते उशिरा दाखवावे आणि त्याची चाहूल लवकर द्यावी. अंधारात कान आधी जागा होतो. म्हणून या चित्रपटांत बाई दिसण्यापूर्वी तिचे गाणे ऐकू येते. 'महल'मधले लता मंगेशकरांचे 'आयेगा आनेवाला' हे गीत याचा आदर्श होय. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. गाणे लांबून जवळ येत आहे असे वाटावे म्हणून लताबाई ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, असे सांगतात. पडद्यावर मात्र आपल्याला काय दिसते? हलणारा झोपाळा आणि खोलीखोलीतून शोधत फिरणारा पुरुष. त्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रथम गायिकेचे नाव 'कामिनी' असे पात्राचेच छापले होते. म्हणजे खऱ्या बाईचा आवाज होता; नाव भुताचे होते.

प्रकाशाचेही तसेच. 'महल'चे छायाचित्रण जोसेफ विर्शिंग या जर्मन कलावंताने केले. जर्मनीत १९२० च्या दशकात सावल्यांतून मनातले भय दाखविण्याची जी कला वाढली, तिचे वळण त्याच्या हाताला होते. काळ्या-पांढऱ्या चित्रात सावली ही पात्राइतकीच मोठी असते. मात्र सारा पडदा काळा करून भय वाटत नाही. एक कोपरा उजळावा लागतो, म्हणजे न उजळलेल्या कोपऱ्यात काय असेल याचा विचार प्रेक्षक आपण होऊन करतो. आपल्याकडची म्हातारी माणसे शेकोटीपाशी गोष्ट सांगताना हेच करीत.

तिसरी युक्ती म्हणजे भयाच्या मध्येमध्ये हशा पेरणे. ताणलेली दोरी सैल केल्याशिवाय पुन्हा ताणता येत नाही. म्हणून 'बीस साल बाद'मध्ये असित सेन यांचा गोपीचंद हा संथ बोलणारा हेर घातला आहे. तो आला की तंबूतली माणसे मोकळेपणी हसत, आणि हसून बेसावध झाली की पुढचा धक्का बसे.

आम्ही 'तंबू' म्हणालो ते उगीच नव्हे. हा चित्रपट आम्ही सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी तंबूच्या सिनेमात पाहिला. तेव्हा आमचा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसली होती आणि मागच्या बाजूला चित्र उलटे दिसे. आम्ही मागच्या बाजूला होतो. परतताना बैलगाडीत आईच्या लुगड्यात तोंड खुपसून बसलो, हे आजही आठवते.

खुनी कोण?

'बीस साल बाद' १९६२ साली आला. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, दिग्दर्शक बिरेन नाग, भूमिका विश्वजित आणि वहिदा रेहमान यांच्या. त्या वर्षी तो फार मोठ्या गर्दीत चालला. कथा अशी : एका जमीनदाराने गावातल्या मुलीवर अत्याचार केला. तिने जीव दिला. त्यानंतर त्या घराण्यातली माणसे एकेक करून मरू लागली. गाव म्हणे, त्या मुलीचा आत्मा सूड घेत आहे. रानातून गाण्याचे सूर येतात, अंधारातून नखांचा पंजा येतो. वीस वर्षांनी घराण्याचा तरुण वारस हवेलीत राहायला येतो. आता पाळी त्याची.

या कथेचे बीज आर्थर कॉनन डॉइलच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीत आहे. ती १९०१-०२ मध्ये मासिकातून क्रमशः आली. तिच्यातही आरंभी एक दुष्ट जमीनदार एका शेतकऱ्याच्या मुलीला कोंडून ठेवतो, ती पळते, भयाने आणि थकव्याने मरते, आणि तेव्हापासून एक राक्षसी कुत्रा त्या घराण्याच्या मागे लागतो अशी दंतकथा आहे. परंतु शेवटी खुनी कोण निघतो? त्याच घराण्यातला एक लपलेला वारस. इस्टेटीच्या लोभाने त्याने कुत्र्याला चमकणारे द्रव्य फासून दंतकथेचा फायदा घेतलेला असतो. शेरलॉक होम्स त्याचे बिंग फोडतो, इस्टेट योग्य वारसाला मिळते, आणि आरंभीची ती मुलगी? तिच्याबद्दल पुन्हा कोणी बोलत नाही. ती दंतकथेपुरती होती.

हिंदी चित्रपटाने येथे मोठा फरक केला. त्यात भुताच्या आडून खून करणारा हात इस्टेटीच्या लोभी वारसाचा नाही. मेलेल्या मुलीच्या जिवाभावाच्या वडीलधाऱ्या माणसाचा आहे. म्हणजे कथेच्या आरंभी जी फिर्याद कोणी नोंदविली नव्हती, ती शेवटच्या रिळात कोर्टात उभी राहते. इंग्रजी कादंबरीत कोडे सुटते. हिंदी चित्रपटात कोडे सुटते आणि जखमही उघडी पडते. खून करणारा अपराधीच आहे, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण तंबूतून बाहेर पडताना बायाबापड्या "त्याची पोर गेली होती हो" असे म्हणत होत्या. वारस वाचला याचा आनंद कोणी बोलून दाखविला नाही.

उलगड्याचे दोन मार्ग

या कथाप्रकारात उलगडा दोन प्रकारे होतो. ॲन रॅडक्लिफ ही इंग्रज लेखिका १७९० च्या दशकात प्रसिद्ध झाली. तिच्या कादंबऱ्यांत शेवटी प्रत्येक चमत्काराचे लौकिक कारण निघे. 'महल' आणि 'बीस साल बाद' त्या वाटेचे. दुसऱ्या वाटेने गेले तर भूत खरेच असते. १९५८ चा बिमल रॉय यांचा 'मधुमती' या वाटेचा. योगायोग असा की 'महल'चे संकलन याच बिमल रॉय यांनी केले होते. 'मधुमती'ची कथा ऋत्विक घटक यांची.

'मधुमती'चा शेवट पाहण्यासारखा आहे. उग्रनारायण या जमीनदाराच्या जुलमाने मधुमतीला मरण आले आहे. पण साक्षीदार नाही. मग नायक युक्ती काढतो. मधुमतीसारख्या दिसणाऱ्या माधवी नावाच्या बाईला सोंग घेऊन जमीनदारासमोर उभी करायची आणि लपलेल्या पोलिसांसमक्ष त्याच्या तोंडून कबुली घ्यायची. ठरल्याप्रमाणे बाई येते, असे प्रश्न विचारते की जमीनदार घाबरून सारे सांगतो. तो पकडला जातो. आणि मग खरी माधवी धावत येते : मला उशीर झाला! तर मग आधी आली ती कोण?

आम्हांला विचाराल तर यात भूत मानण्याचा आग्रह मुळीच नाही. जेथे गरिबाच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी धजत नाही, तेथे कथाकार मेलेल्याला साक्षीला बोलावतो. ज्या समाजात जिवंत माणसांची साक्ष चालेल, तेथे भुताला हा त्रास घ्यावा लागणार नाही.

तात्पर्य, भूत खरे की खोटे हा या चित्रपटांतला वरवरचा प्रश्न आहे. खरा प्रश्न असा की, पहिला अन्याय कोणी केला? सारे संकेत हा प्रश्न लांबवीत नेतात, आणि चांगला चित्रपट शेवटी तो टाळत नाही.

याची उलट परीक्षाही करून पाहा. १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि बाहुला खून करीत सुटतो. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल. महाराष्ट्र पोट धरून हसला आणि लहान मुले घाबरली. पण मोठ्या माणसाची झोप या भुताने उडाली नाही. कारण तात्या विंचूचे कोणाकडे काही न्याय्य येणे नव्हते. ज्या भुताची फिर्याद नाही ते खेळणे होते. हे त्या चित्रपटाला उणे नव्हे. त्याला विनोदच करायचा होता.

याच्या उलट २०१७ चा विशाल फुरिया यांचा 'लपाछपी'. हवेली नाही, झुंबर नाही, सावल्याही फारशा नाहीत. भरदिवसा डोलणारा ऊस आणि त्याच्या मधोमध एक घर. गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत, तेथे लपायला येते. उसातून लहान मुलांची चाहूल येते. हळूहळू कळते की या घरात मुलगी नको म्हणून किती जीव दडपले गेले. आम्ही उसातली माणसे. उसात शिरल्यावर दहा हातांवरचे दिसत नाही हे आम्हांला कोणी सांगायला नको. पण त्या चित्रपटात धडकी भरते ती उसाची नव्हे. घरातल्या जिवंत माणसांच्या शांत बोलण्याची. संकेत जुनेच आहेत, फक्त हवेलीच्या जागी साधे घर आले, आणि पाप जमीनदाराकडून आपल्या उंबऱ्यावर आले.

ज्यांनी हवेली बांधली

आता थोडे आमच्या धंद्याचे बोलू. 'महल'मधली ती भव्य हवेली सुतार, रंगारी, दिवेवाले आणि हमाल यांनी उभी केली. १९३४ साली सुरू झालेली बॉम्बे टॉकीज 'महल'सारखे यश मिळवूनही पुढे काही वर्षांत डबघाईला आली. तेव्हा तेथील कामगारांनी आपली औद्योगिक सहकारी संस्था काढली आणि तिच्या वतीने 'बादबान' हा चित्रपट १९५४ साली निघाला. फणी मुजुमदार यांनी तो दिग्दर्शित केला. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी यांनी त्यात कामे केली. कंपनी वाचली नाही. परंतु भुताची हवेली बांधणारे हात स्वतःच्या थकलेल्या हिशेबासाठी एकत्र आले होते, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

गावातले संकेत

आता ज्यासाठी एवढे बोललो त्याकडे येतो. सिनेमातले भूत हवेलीत राहते. आपल्या गावांत आणि पाड्यांत आपण ते कोठे शोधतो? सर्वांत मोडक्या झोपडीत.

सातपुड्यात बाईला 'डाकीण' ठरविण्याची चाल अजून मेलेली नाही, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. मूल दगावले, बैल मेला, ताप हटेना, की भगताकडे जायचे. तो दाणे पाहतो आणि बोट दाखवतो. बोट बहुधा एकट्या बाईकडे जाते : विधवा, निपुत्रिक, म्हातारी. मग मारझोड होते, बहिष्कार पडतो, कधी जीवही जातो. हीदेखील खुनी भुताचीच कथा आहे. तिचेही संकेत ठरलेले आहेत. फक्त ते सिनेमाच्या अगदी उलट आहेत. सिनेमात परका येऊन प्रश्न विचारतो. येथे प्रश्न विचारणाऱ्याला परका ठरवतात. सिनेमात नोकर जुनी हकिकत सांगतो. येथे जुनी हकिकत काढायची मनाई असते. सिनेमात संशय पाच जणांवर फिरतो आणि शेवटी खऱ्या गुन्हेगारावर येतो. येथे तो पहिल्या रात्रीच एकीवर बसतो आणि हलत नाही. आणि सिनेमात शेवटी दिवा लागतो. येथे कोणी दिवा लावीत नाही.

याबाबत आमचा स्वतःचा एक अपराध आहे. सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. बरीच वर्षे झाली. एका पाड्यावर आम्ही मजुरीच्या सभेला गेलो होतो. सभा झाल्यावर एक विधवा बाई बाजूला येऊन म्हणाली, "भाऊ, मला डाकीण म्हणतात. तुम्ही दोन शब्द बोला." सभेला सारा पाडा आला होता. संघटनेचे सभासद नुकते कोठे जमू लागले होते. आम्ही मनात हिशेब केला की, आज या विषयाला हात घातला तर सभासद तुटतील. "पुढच्या वेळी बघू," असे म्हणून आम्ही गाडीत बसलो. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा तिची झोपडी नव्हती. मारहाण झाली होती. ती रात्रीतून गुजरातकडे निघून गेली असे कळले. तिची दोन-अडीच एकर जमीन होती. ती त्या हंगामात तिच्या दिराने पेरली होती.

जमीन पाहिली आणि सारे लक्षात आले. हीच तर ओट्रांटोच्या किल्ल्याची गोष्ट! आधी भूत, मग हवेली असा क्रम नसतो. आधी बळकावणे असते. फरक एवढाच की, किल्ल्यात लुबाडलेल्याचे भूत झाले. येथे जिला लुबाडायचे तिलाच आधी भूत ठरविले. कामगारांचा हिशेब तपासणाऱ्या आम्हांला तो हिशेब त्या दिवशी दिसला नाही, किंवा दिसूनही आम्ही तो मांडला नाही. ती बाई पुन्हा भेटली नाही. पुढे अशा प्रसंगी आम्ही सभा सोडून आधी त्या झोपडीशी गेलो आहो. पण त्याने तिचे काही भरून येत नाही.

आज कायदा आपल्या बाजूला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या खुनानंतर प्रथम वटहुकूम म्हणून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा हा कायदा आहे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते, रोग आणते, असे भासवून तिचा छळ करणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. परंतु फिर्याद द्यायला कोणी गेलेच नाही तर कायदा कपाटातच राहतो. मधुमतीसारखी मेलेली बाई येऊन साक्ष देईल अशी वाट आपल्याला पाहता येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडेच आहे. भुताचे सिनेमे पाहा, मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे पाहू द्या. भिण्यात एक गंमत आहे आणि ती निरुपद्रवी आहे. पण संपल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारा : पहिला अन्याय कोणी केला? आणि भुताच्या नावाने फायदा कोणाचा झाला? हे दोन प्रश्न ज्या मुलाच्या अंगवळणी पडतील, ते मूल मोठे झाल्यावर भगताच्या बोटाकडे न पाहता शेताच्या बांधाकडे पाहील. आणि एखाद्या बाईविषयी कुजबुज कानी आली, तर "पुढच्या वेळी बघू" असे म्हणू नका. त्याच दिवशी तिच्या दारात जाऊन बसा. चार माणसे दारात बसलेली दिसली की बाहेरच्यांचे हात सैल पडतात, हे आम्ही पाहिले आहे. मग तिला बरोबर घेऊन ठाण्यावर जा.

ते पोर यंदाही तोडीला गेले आहे. पडावावर भेट होईल तेव्हा त्याला सांगणार आहो की, बाबा, तुझ्या पालात भूत येत नाही, कारण तू कोणाचे देणे लागत नाहीस. मात्र कोणी तुझ्या आईला किंवा शेजारणीला भूत म्हणू लागले, तर समज की तिच्याजवळचे काहीतरी कोणाला तरी हवे आहे.